काम झालं की परत

मावशी माणसांना नावाने ओळखत नाहीत, वस्तूने ओळखतात. रस्त्यात कुणी नमस्कार केला की क्षणभर थांबून विचारतात, "तुम्ही वॉकरचे जावई ना?" जावईही मान डोलावतो. वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीतून त्या आजाऱ्यांना लागणारं सामान फुकट वापरायला देतात. यजमानांचा पाय मोडला, पुढे जुळला आणि घरात कुबड्या उरल्या, तेव्हापासून हे सुरू आहे. यजमान गेले, कुबड्या अजून फिरतीवर आहेत.

देणं सोपं असतं. मावशींची हयात गेली ती दिलेलं परत आणण्यात. पलंग नेताना लोकांना जी घाई असते, ती आजारी उठून बसल्यावर कुठे जाते, हे वैद्यकशास्त्राला अजून उलगडलेलं नाही. पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग साचतो, कमोडच्या खुर्चीवर कुंडी येते आणि कुंडीतलं रोप छान वाढतं. मग मावशी जातात. भांडत नाहीत. चहा नको म्हणतात आणि वस्तूकडे बघत बसून राहतात. बहुतेक घरांना एवढं पुरतं.

यंदा वाचनालयाने फर्मान काढलं: फुकट खोली हवी असेल त्या संस्थेने आपलं ध्येय एका वाक्यात लिहून द्यावं. याच खोलीवर चित्रकलेच्या वर्गाचा डोळा होता आणि त्यांचं वाक्य तयार होतं, तेही फ्रेम करून. खोली हातची गेली असती, तर पलंग मावशींच्या घरात आले असते आणि मावशी जिन्यात.

मावशींची भाची जाहिरात कंपनीत नोकरीला. तिला मदतीला बोलावलं. मावशींनी एका दमात सांगितलं, "आजाऱ्याला लागेल ती वस्तू देतो, काम झालं की परत घेतो." भाचीने ते लिहून घेतलं, कौतुक केलं आणि म्हणाली, हं, आता मिशन स्टेटमेंट सांग.

मग समिती बसली. समिती म्हणजे मावशी, निवृत्त वकीलसाहेब आणि औषधांच्या दुकानाचे मालक. यजमान असताना एक पद्धत पडली होती: ज्या शब्दाने कुणाचंही मन दुखावेल, तो ठरावात ठेवायचा नाही. या पद्धतीमुळे समितीत कधी भांडण झालं नव्हतं आणि कधी ठरावही झाला नव्हता. 'आजारी' हा शब्द वकीलसाहेबांना नकोसा वाटला. कुणाला आपल्या माणसाला आजारी म्हटलेलं आवडतं? 'वस्तू'ने माणुसकी कमी होते, असं औषधवाल्यांचं मत पडलं. 'देतो'ला उपकाराचा वास येत होता. 'परत'पाशी मात्र दोघेही घोटभर पाणी प्यायले.

त्याला कारण होतं. मंजुरी द्यायची ती वाचनालयाच्या अध्यक्षांनी, आणि अध्यक्षांनी आपल्या आईसाठी नेलेली व्हीलचेअर आई गेल्यावरही त्यांच्याच घरी होती. मावशींनी दुःखाला मुदत दिली होती. ती उलटूनही बराच काळ लोटला होता. इकडे कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई मांडीचं हाड मोडून पडल्या होत्या आणि त्यांना द्यायला खोलीत एकही खुर्ची शिल्लक नव्हती.

सगळं वगळून उरलं ते असं: 'समाजाच्या सर्वांगीण स्वास्थ्याच्या दिशेने एक वाटचाल.' भाची खूश झाली. मावशींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"यात खुर्ची कुठे आहे?"

"ती गृहीत धरलीय गं, मावशी."

"लोकांनीही तेच केलंय."

वकीलसाहेबांनी परोपरीने समजावलं, की एका खुर्चीपायी अख्खी खोली घालवू नका, तेवढा एक शब्द गिळा. मावशींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वतःचं वाक्य स्वच्छ अक्षरात लिहून त्या अध्यक्षांच्या घरी गेल्या.

अध्यक्ष खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. व्हीलचेअरमध्ये. प्रकृती ठणठणीत. आईनंतर खुर्ची हलवायचा धीर कुणाला झाला नाही, मग एकदा ते सहज टेकले, आणि पाठीला इतकं बरं वाटलं की उठायचं राहूनच गेलं. त्यांनी कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीनेही वाचला आणि पदर तोंडाला लावला.

"पूर्वार्ध उत्तम आहे," अध्यक्ष म्हणाले. "उत्तरार्ध जरा रुक्ष वाटतो. तो काढता येईल का?"

"काढा ना," मावशी म्हणाल्या. "पण पूर्वार्धात द्यायची खुर्ची उत्तरार्धातूनच येते."

त्यांना चहा विचारला गेला. त्या नको म्हणाल्या आणि चाकांकडे बघत बसल्या.

"आई इथेच बसायची हो," अध्यक्ष वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले.

"माहीत आहे मला. ब्रेक सैल आहे म्हणून रोज निरोप पाठवायच्या." मावशींचा आवाज खाली आला. "शिंपीणबाईही पाठवतील. त्यांना एकदा बसू तर दे, बाळा."

गावभर अध्यक्ष म्हणून मिरवणाऱ्या माणसाला बाळ म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. त्यांनी खुर्चीच्या हातावरच कागद ठेवून सही केली आणि उठले. उठून कुठे बसावं ते न सुचून उभेच राहिले. पत्नीने स्टूल पुढे सरकवलं.

मावशी खुर्ची ढकलत भर रस्त्यातून गेल्या, थेट शिंपीणबाईंच्या दारापर्यंत. औषधवाल्यांनी दुकानातून पाहिलं आणि ध्येयवाक्याला आपला पहिल्यापासून पाठिंबा होता, असं गिऱ्हाइकाला सांगितलं.

खोली राहिली. वाक्य दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यायचं ठरलं. तेवढं मात्र अजून अडलं आहे. रंगारी नुसता 'उद्या येतो' म्हणतो. त्याच्या सासऱ्यांची कंबर कधीच बरी झाली आहे, पण त्यांच्यासाठी मावशींकडून नेलेला पट्टा हा स्वतः बांधून शिडीवर चढतो, आणि मावशींच्या दारात शिडी लावायचा त्याला धीर होत नाही.