वीणाच्या शाळेतले झरोके

नगरहून पाथर्डीची एसटी धरली. या वाटेने वीणा, माझी बायको, किती वेळा गेली असेल. मी पहिल्यांदाच निघालो होतो. ती वास्तुविशारद. पाथर्डीपलीकडच्या एका गावासाठी तिने शाळा आखली आणि बांधकाम संपण्याआधीच ती गेली. तिने आखलेलं ते शेवटचं काम नीट उभं राहिलं का, एवढंच मला पाहायचं होतं.

करंजी घाटानंतर माळ उघडा पडत गेला. पाथर्डीहून जीपने गावात पोहोचलो. गावच्याच काळ्या दगडाच्या जाड भिंती, मातीचा गिलावा, पावसाचं पाणी साठवायला अंगणाखाली टाकं. सगळं तिच्या नकाशातल्यासारखं होतं. आईबाप ऊसतोडीला गेलेली मुलं इथेच राहतात. मुख्याध्यापिका शिंदे मॅडमनी त्यांच्या पंगतीत मला भाकरी आणि शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची रश्श्यात शिजवलेली वेटोळी) वाढले.

मग वर्गात गेलो. आत उकडत होतं. मान वर केली. छताखाली गरम हवा निघून जायला तिने ठेवलेली झरोक्यांची रांग विटांनी बुजवली होती.

“हे कुणी केलं?”

मॅडमनी शाळेच्या बांधकामावरच्या रहीम मिस्त्रींना बोलावलं. सत्तरीचे गृहस्थ, हात पुसतच आले.

“म्याच केलं, साहेब. बाई गेल्या, भोकं तशीच ऱ्हायली हुती. म्हनलं, त्यांचं काम अर्धं ठिवायचं न्हाई. मजुरी बी घेतली न्हाई.”

त्यांना खरं सांगणं जिवावर आलं. पण मुलं घामेजून बसली होती. शेवटी झरोके कशासाठी होते ते सांगितलं.

मिस्त्रींनी मान वर करून बुजवलेली रांग पाहिली.

“म्हंजी मिस्त्री, तुमी वर्गाचं नाकच दाबलं व्हय!” मॅडम म्हणाल्या. पोरं खिदळली.

“हसा, हसा. आमाला वाटलं, बाईंची ऱ्हायलेली सेवा करतोय.”

त्यांनी शिडी मागवली. छिन्नीने पहिली वीट सुटली. त्यांनी भोकाशी तळहात धरला. “जातीय की वं वाफ भायेर,” ते हळूच म्हणाले आणि दुसऱ्या झरोक्याकडे वळले.

संध्याकाळच्या गाडीने परतलो. शाळा आता वीणाने आखली तशी झाली, याचं समाधान आहे. पण ती गेल्याचं दुःख माझ्या एकट्याच्या घरात आहे, असं मी धरून चाललो होतो. तिकडे एका म्हाताऱ्याने तिच्यासाठी शिडीवर चढून एकेक वीट लावली होती, आणि मी ती त्याच्याच हातांनी काढायला लावली.