गाडीला रेंज होती, आम्हाला नव्हती

चाकणवरून भीमाशंकरकडे जायचं असेल तर कंपन्यांच्या बस रस्त्यावर उतरायच्या आत मोशी ओलांडा. हा सल्ला मी सगळ्यांना देते आणि स्वतः कधीच पाळत नाही. या वेळीही चिंचवडगावातून निघेपर्यंत चांगली उन्हं आली होती, कारण मुलाखतीला साडी नेसावी की ड्रेस घालावा हे सुनीचं ठरत नव्हतं.

सुनी माझी धाकटी बहीण. दिवाळीनंतर एक बॅग घेऊन माझ्याकडे आली, ती परत सासरी गेली नाही. तिचा नवरा मिलिंद मारहाण करत नाही, दारूला शिवत नाही आणि बोलायला तर साखर. फक्त बायको कुठे आहे, कुणाबरोबर आहे आणि का आहे, हे त्याला दिवसभर कळायला हवं. सुनी शिवणकामात पटाईत. दोनदा ती कामाला लागली. दोन्ही वेळा हा तिच्या साहेबांना भेटायला गेला, चहा प्यायला, ‘तिची तब्येत बरी नसते हो, जरा सांभाळून घ्या’ असं गोड बोलून आला, आणि आठवड्याभरात काम गेलं. म्हणून या खेपेला बेत असा होता: निघोज्याला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या वर्कशॉपमध्ये मुलाखत, मग डोंगरात एक मुक्काम, आणि परतताना मारुंजीत भाड्याची खोली बघायची. कामाचा आणि खोलीचा पत्ता मिलिंदला लागता कामा नये, एवढी एकच अट होती.

माझ्याबद्दल सांगायचं तर माझं आयुष्य भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीत गेलं. दुसऱ्याने ‘ओके’ म्हटलेल्या मालावर संशय घ्यायचा, याचाच मला पगार मिळायचा. पगार थांबला, सवय राहिली. निघण्याआधी सुनीच्या फोनमध्ये नवं सिम घातलं, दोघींच्या फोनचं लोकेशन बंद केलं आणि शेजारणीला शिर्डीला जातो म्हणून सांगितलं.

गाडी माझीच, म्हणजे पैसे माझे. आमच्या पट्ट्यात गाडी शोरूमच्या आधी नात्यात शोधतात: कोण कुठल्या कंपनीत आहे, कामगाराची सवलत कुणाला मिळते. मिलिंद चाकणच्या एका गाडी कंपनीत आहे. त्याच्या सवलतीत, त्याच्या नावावर गाडी घ्यायची आणि सवलतीच्या अटीची मुदत संपली की माझ्या नावावर करायची, असं ठरलं होतं. इथे सगळेच असं करतात आणि पैसे वाचले म्हणून पेढे वाटतात. मीही वाटले होते.

मोशीत मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर डोळ्यांतून पाणी काढतील. कुरुळी फाट्याला गाड्या जिथल्या तिथे थांबल्या. निघोज्याकडे वळणारे कंटेनर, दुधाच्या गाड्या, हेल्मेट घातलेली माणसं, सगळे एकमेकांच्या अंगावर. तेवढ्यात माझा फोन वाजला. मिलिंदचा मेसेज होता. ‘ताई, कुरुळीला ट्रॅफिक असेल. सांभाळून चालवा, घाई नको.’

मी मान वळवून मागे बघितलं. शेजारी कंपनीची बस उभी होती आणि तिच्या प्रत्येक खिडकीत एक चेहरा. चाकणमध्ये युनिफॉर्म घातलेला कोणीही मिलिंदचा दोस्त असू शकतो. एकजण फोनवर बोलत होता. तो हसला तशी मी काच वर केली.

“अगं, त्याने सहज लिहिलं असेल,” सुनी म्हणाली, पण पदर बोटाला गुंडाळायला लागली. तिला भीती वाटली की ती हेच करते.

निघोज्यात गेटवर वॉचमनने गाडीचा नंबर लिहून घेतला. मला ते मुळीच आवडलं नाही. वर्कशॉप मात्र झकास: मशिनच्या रांगा, सगळ्या बाया, आणि काचेच्या खोलीत कदम मॅडम. त्यांनी सुनीला काही विचारलं नाही. एक कापलेलं कव्हर पुढे टाकलं आणि म्हणाल्या, “शिव.” सुनीने शिवलं. मॅडमनी शिवण उलटी करून पाहिली, दोन्ही हातांनी ताणली. मला तर त्या आमच्याच खात्यातल्या वाटल्या.

“सोमवारपासून ये. उशीर केलेला चालत नाही, रडलेलं चालतं.”

सुनी गाडीत बसल्यावर रडलीच. आनंदाने. चाकण चौकात उसाच्या रसवंतीपाशी थांबून आम्ही रस घेतला, आलं-लिंबू घालून, आणि ग्लास हातात असतानाच फोन आला.

“ताई, निघोज्यात कुणाकडे गेला होतात?” मिलिंदचा आवाज नेहमीसारखा मऊ. “बराच वेळ थांबलात म्हणून विचारलं.”

“तुम्हाला कोण म्हणालं?”

“आपली माणसं असतात हो सगळीकडे.”

फोन ठेवला. सुनीचा पदर पुन्हा बोटाला गेला होता. मी वॉचमनला मनात चार शिव्या दिल्या. पण वॉचमनला निघोजं ठाऊक, कुरुळी कसं ठाऊक? मग दुसरा संशय आला. तो मी गिळायला हवा होता, गिळला नाही.

“सुने, तू तर नाही ना कळवत त्याला? एखादा मेसेज, सवयीने?”

तिने रसाचा ग्लास तसाच खाली ठेवला. “तू पण, ताई?”

राजगुरुनगरपर्यंत ती माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत होती. प्रवासवर्णनात या टप्प्यावर निसर्ग येतो. निसर्ग होता. चासच्या पुढे धरणाचं पाणी रस्त्याच्या कडेने चालतं, थंडीत त्यावर बदकं उतरतात, रस्ता अरुंद आहे पण डांबर बरं आहे. मला त्यातलं काही धड दिसलं नाही. मी आरशात मागच्या गाड्यांचे नंबर वाचत होते.

वाडा गावाच्या अलीकडे हौसाबाईंकडे मुक्काम. दोन खोल्या, स्वच्छ अंगण, चुलीवरचं पिठलं आणि नाचणीची भाकरी. कुणाला जायचं असेल तर जेवणाचं आदल्या दिवशी कळवा, आणि फोनला रेंज नसते हे घरी सांगून निघा. खरंच आमच्या दोन्ही फोनवर एकही दांडी नव्हती. पहिल्यांदाच मला हायसं वाटलं. इथे तो मेसेज कसा करणार? सुनीही जरा सैल झाली, हौसाबाईंकडून भाकरी थापायला शिकली आणि माझ्याशी दोन शब्द बोलली.

सकाळी चहा घेत होतो तोच अंगणात हॉर्न वाजला. लांबलचक. गाडीत कुणी नव्हतं. दिवे उघडझाप करत होते.

“आवं ताई,” हौसाबाई ओरडल्या, “तुमची गाडी बोंबलतीया!”

सुनी भिंतीला टेकली. मी वायर शॉर्ट झाली असेल म्हणून बॉनेट उघडलं, बघितलं, बंद केलं. हॉर्न थांबला आणि जरा वेळाने पुन्हा वाजला, अगदी दारावर थाप मारावी तसा. वायर असं वागत नाही.

मग मी कामावर असल्यासारखी विचार करू लागले. माल सारखा नापास होत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं आहे तसं ठेवायचं. सुनीला आणि दोन्ही फोनना, तेही बंद करून, हौसाबाईंपाशी ठेवलं. फक्त मी आणि गाडी, वाड्याच्या बाजारपेठेत जाऊन जिलेबीच्या दुकानासमोर उभ्या राहिलो. पाव किलो घेतली, परत आले. नंतर सुनीला घेऊन रेंज येते त्या टेकाडावर गेलो आणि माझा फोन चालू केला. मेसेज येऊन पडला होता.

‘सकाळी सकाळी वाड्यात? सुनीला गरम जिलेबी द्या, तिला आवडते.’

सुनी गाडीत नव्हतीच. फोनही नव्हते. वॉचमन नाही, बसमधला हसणारा नाही, माझी बहीण तर नाहीच. उरली गाडी. मी सुनीकडे बघितलं आणि म्हटलं, “चुकलं माझं.” तिने मान हलवली आणि एक जिलेबी तोंडात टाकली. आमच्याकडे माफी अशीच असते.

गाडीच्या स्क्रीनचा मी आजवर गाण्यांपलीकडे उपयोग केला नव्हता. आता एकेक पान उघडत गेले. आत कुठेतरी तिचं स्वतःचं, वेगळ्या नेटवर्कचं सिम होतं, आणि त्याला हौसाबाईंच्या अंगणातही रेंज होती. गाडी कुठे आहे, अगदी कुठल्या दुकानासमोर, किती वेळ थांबली, दार उघडं की बंद, सगळं ती कंपनीच्या सर्व्हरला कळवत होती आणि तिथून ते एका फोनवर जात होतं. हॉर्नही तिथूनच वाजवता येत होता. ‘मालक’ या ओळीपुढे मिलिंदचं नाव आणि नंबराचे शेवटचे आकडे होते. मला शोरूम आठवली. तिथल्या मुलीने विचारलं होतं, “ॲप कुणाच्या नंबरवर करू?” आणि मिलिंद म्हणाला होता, “माझ्याच करा. ताईंना कशाला त्रास?” मी तेव्हा पेढ्यांचा बॉक्स उघडत होते.

‘खातं काढा’ असं बटण होतं. दाबलं. स्क्रीनने कळवलं की मालकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. मला हसू फुटलं आणि संतापही आला. चोराच्या हाती किल्ली, आणि कुलूप उघडायचं तर त्यालाच विचारायचं.

भीमाशंकर राहिलं. त्याची माहिती शोधत इथवर आलेल्यांची माफी मागते. आम्ही माघारी फिरलो. राजगुरुनगरला सुनी म्हणाली, “थांब, मला एक फोन करायचाय.” तिने कदम मॅडमना लावला. मला वाटलं, काम सोडतेय. पण ती उभी राहून स्पष्ट बोलली. “मॅडम, माझे मिस्टर सोमवारी तुमच्याकडे येतील. गोड बोलतील. मी आजारी असते म्हणतील. मी आजारी नाही.”

पलीकडून मॅडमचा आवाज मलाही ऐकू आला. “येऊ दे. चहा पाजू. इथल्या निम्म्या बायांचे नवरे येऊन चहा पिऊन गेलेत.”

फोन ठेवून ती गाडीत बसली तेव्हा पदर तिच्या बोटाला नव्हता. तिचं बघून माझ्याही डोक्यात एक कल्पना आली. तो गाडी बघतोय ना? मग गाडीनेच त्याला काहीतरी दाखवू.

चिंचवडला पोचल्यावर घरी गेले नाही. सरळ पोलीस चौकीसमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि समोरच्या टपरीवरून दोन कटिंग मागवले. आम्ही काचा वर करून गाडीतच बसलो. चहा अर्धा झाला नव्हता तोच फोन.

“ताई, तिकडे काय काम काढलंत?”

“कुठे, मिलिंदराव?”

“म्हणजे… चौकीत.”

“मी चौकीत आहे हे कोण म्हणालं?”

“नाही, ते… सहज,” तो म्हणाला.

“आपली माणसं असतात हो सगळीकडे,” मी म्हटलं. “पण या रस्त्याला आत्ता चहावाल्याशिवाय कुणी नाही.”

“ताई, काळजीपोटी बघतो. तुम्ही दोघी बायका, एकट्या…”

“आज सकाळी हॉर्न वाजवलात तोही काळजीपोटी? ऐका. मी आता तुमचं खातं काढायचं बटण दाबतेय. तुम्हाला ओटीपी येईल, तो वाचा.”

“आणि नाही वाचला तर?”

“तर तुम्ही आत्ता मला जे सांगितलंत, तेच मी आत जाऊन सांगेन.”

त्याने वाचला. एकेक आकडा, मऊ आवाजात, मध्ये एकदा घसा खाकरून. स्क्रीनवरून त्याचं नाव गेलं. मी फोन ठेवला, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि सुनीकडे बघितलं. शाबासकीची वाट बघत होते म्हणा ना.

सुनीने ग्लास डॅशबोर्डवर ठेवला आणि दार उघडलं. “चल.”

“आता कुठे? झालं की सगळं.”

“ओटीपी दिला तर आत जाणार नाही, हे तू त्याला कबूल केलंस,” ती म्हणाली. “मी नाही केलं.”

आणि ती चौकीच्या पायऱ्या चढली. मी पर्स शोधत मागून धावले. आत तिने सगळं सांगितलं, दोन्ही सुटलेल्या नोकऱ्यांपासून सकाळच्या हॉर्नपर्यंत. मी फक्त शेजारी बसले होते. मी तिला इतकी वर्षं घाबरट समजत आले, पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर मीच बसले होते.

मारुंजीला त्या संध्याकाळी गाडी दारात ठेवून बसने आणि पुढे रिक्षाने गेलो. खोली लहान आहे, पाणी सकाळीच येतं, पण खिडकी पूर्वेला आहे. घरमालकीण जुन्या गावातली. “येकली ऱ्हानार व्हय? ऱ्हा की,” म्हणाली, “आमी हाय हितं.” सोमवारी मिलिंद निघोज्याला गेला खरा. मॅडमनी चहा पाजला, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं. तिला आज ओव्हरटाइम आहे, वाट बघू नका.”

गाडीची कागदपत्रं अजून त्याच्या नावावर आहेत, ती माझ्या नावावर करायचं बोलणं वेगळं चालू आहे. स्क्रीनवर ‘मालक नोंदवा’ असं रोज येतं. मी नोंदवत नाही. सर्व्हिसिंगवाला म्हणतो, काकू, खातं निघालंय, आता कुणाला काही दिसत नाही. तो ‘ओके’ म्हणतो म्हणूनच मला झोप येत नाही. परवा सुनीने उरलेल्या रेक्झिनची एक टोपी शिवून आणली, मिक्सरला घालतात तशी, खाली इलॅस्टिक लावलेली. स्क्रीनला अगदी नीट बसली. शिवण मी उलटी करून पाहिली, ताणून पाहिली, एक टाका वाकडा नाही.

“आता तरी गाडी घेऊन ये की माझ्याकडे,” ती म्हणाली.

हो म्हटलं. रविवारी टोपी घालून गाडी दारात उभी ठेवली, कुलूप लावलं आणि मारुंजीची बस पकडली.