दादाचा डावा पाय

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढं उभा राहिलो तेव्हाही मनातल्या मनात हे टाळूनच हात जोडले. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझे कुणी नाही. तुम्ही ऐका, आणि मला बरं वाटेल असं काही बोलायला जाऊ नका.

मी मास्तर होतो. मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडं आमची वाडी. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून तीन-चार वर्षं होती. वाडीतल्या मोठ्या माणसांत वाचता येणारा मी एकटा. बाकी लोक कागद आला की माझ्याकडं आणत. कुणाचं पत्र, कुणाची नोटीस. मी वाचायचो आणि ते मान डोलवायचे. मी जे वाचीन ते त्या कागदात असायचं — हे लक्षात ठेवा.

माझा थोरला भाऊ गणपत. मी त्याला दादा म्हणायचो. बाप लवकर गेला, तेव्हा दादा बारा वर्षांचा होता. त्यानं पाटी ठेवली, शिकलेली अक्षरं विसरला आणि नांगर धरला, म्हणून मी शिकलो. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की तो मला खांद्यावर घेऊन पलीकडं शाळेत सोडायचा. हे मी आधीच सांगून टाकतो. पुढं सांगितलं तर तुम्हाला वाटेल, पश्चात्तापानं आठवतंय. तसं नाही. मला हे कायम आठवत होतं. ज्या दिवशी केलं त्या दिवशीही आठवत होतं.

दादा मला आवडत नव्हता. आवडत नव्हता हा शब्द फार मऊ झाला. मला त्याचा तिटकारा होता. त्याचं जेवणं, त्याचं खाकरणं, दोन मणांचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणं आणि मग माझ्याकडं बघून हसणं. चारचौघांत तो मला राम्या म्हणायचा. वाडी मला मास्तर म्हणायची, तो राम्या. एकदा शाळा तपासायला दिपोटी आले होते. मुलं कविता म्हणत होती. दादा चिखलाच्या पायांनी वर्गात आला. म्हैस दाव्याला बांधायची मी विसरलो होतो आणि तिनं भाताचं रोप खाल्लं होतं. त्यानं दिपोटींच्या देखत माझ्या थोबाडीत मारली. मुलं हसली. दिपोटींनी मान खाली घातली, पण मिशीत तेही हसले.

हे कारण आहे असं म्हणू? एका थपडेसाठी कुणी असं करतं?

माघ सरत आला होता. राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजून घ्यायला, झाडांचा टाळ, डहाळ्या तोडायचे दिवस. दादा ऐनाच्या झाडावर चढला होता, कोयता घेऊन. फांदी तुटली आणि तो खाली खडकावर आला. डावी मांडी मधोमध मोडली. बाजेवर घालून आम्ही त्याला पौडापर्यंत नेला, तिथून मोटारीनं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. तिथं त्याच्या पायाला दोरी बांधून पलंगाच्या टोकाशी वजनं लोंबत ठेवली. तीन महिने तो तसाच उताणा. मी दर रविवारी जायचो. त्याला असं उताणं पडलेलं बघायला — खरं सांगतो — मला आवडायचं. त्याच्या उशाशी मी उभा असायचो आणि तो खालून वर बघून बोलायचा.

हाड जुळलं. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. पांढरी साडी, बारीक अंग, बोलणं स्पष्ट. शेवटचे पंधरा दिवस त्या दादाचा गुडघा वाकवून घ्यायच्या. दादा ओरडायचा, त्यांना शिव्या द्यायचा. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा वाकवायच्या. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. फीत लावून दाखवलं होतं त्यांनी, डावी मांडी उजवीपेक्षा चार बोटं बारीक झाली होती.

"मास्तर, हाड म्हणजे दगड नव्हे," त्या म्हणाल्या. "हाड जिवंत असतं. त्याच्यावर भार पडला तर ते टिकतं. माणूस नुसता पडून राहिला तर ते आतून विरत जातं. तीन महिन्यांत बरंच विरलंय. आता त्याला रोज उभं करायचं. दुखेल, ओरडेल. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्यावर सोपवते."

त्यांनी कागदावर लिहून दिलं. मांडी आवळून धरायची. बाजेच्या कडेला बसवून गुडघा वाकवायचा. कुबड्या घेऊन उभं राहायचं आणि दर आठवड्याला पायावर थोडा जास्त भार द्यायचा. महिन्यानं दाखवायला आणायचं. अक्षर चांगलं होतं. अजून डोळ्यांपुढं आहे.

आम्ही घरी आलो. पौडापासून बैलगाडीत गवत पसरून त्याला आणला. वाटेत प्रत्येक दगडाला तो मलाच शिव्या देत होता, जणू दगड मी मांडले होते. ओटीवर बाज टाकली. वाडी गोळा झाली. सरू वैनी — दादाची बायको — दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती.

"वाच रं राम्या, काय लिवलंय त्या बाईनं," दादा म्हणाला. "पोपटावानी वाच. एवढंच येतंय तुला."

लोक हसले.

मी कागद उघडला. — इथं मी थांबतो जरा. तुम्हाला वाटेल, मी आधी ठरवलं असणार. नव्हतं ठरवलं. कागद उघडेपर्यंत मी खरंच वाचणार होतो. आणि मग मी वाचलं, स्वच्छ, वर्गात वाचतो तशा आवाजात: पाय हलवू नये. गुडघा वाकवू नये. जमिनीला पाय टेकवू नये. भात निघेपर्यंत आडवं राहावं.

"आन् तितं तर वाकवायला लावत व्हती की," दादा म्हणाला.

"ते तितलं. हाड बसलंय का बघायला. आता न्हाई."

त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. त्याला त्या दुखण्याची भीती वाटत होती. एवढा मोठा गडी आणि भीत होता. ते बघून मला काय वाटलं, विचारू नका. कागद मी घडी करून खिशात घातला. कुबड्या माळ्यावर टाकल्या, भाताच्या कणगीमागं.

एक दिवसाचा राग होता, दुसऱ्या दिवशी सांगून टाकता आलं असतं. चुकलं, नीट वाचलं नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. महिन्यानं दवाखान्यात गेलो, एकटाच. मला एकट्याला कुणी बोलावलं नव्हतं. बाईंना सांगितलं, रोज उभा राहतो, आता ओट्यापर्यंत येतो. आता लावणी आहे, ओढ्याला पाणी आहे, गाडी निघत नाही, पाऊस उघडला की घेऊन येतो. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, तुमच्यासारखा भाऊ सगळ्यांना मिळत नाही.

दोन्हीकडं खोटं बोलायला वेगळी अक्कल लागते. ती मला होती.

त्या पावसाळ्यात घर मी चालवलं. लावणीला माणसं मी सांगितली. वाडीचा निवाडा असला की लोक ओटीवर यायचे. दादा बाजेवर, आणि बोलायचं माझ्याशी. त्याची मांडी वाळत चालली होती. पायावरची कातडी चकचकीत झाली, गुडघा लाकडासारखा. वैनी रोज तेल लावायची. एक दिवस तिनं विचारलं, "भावजी, पाय असाच ऱ्हायला तर सुकंल की वो. जरासं उबं केलं तर?"

"कागदापेक्षा तुला जास्त कळतंय?" मी म्हणालो. तिला वाचता येत नव्हतं.

पठारावरून एक म्हातारा धनगर तूप घेऊन यायचा. त्यानं दादाचा पाय दाबून पाहिला. म्हणाला, "माज्या शेळीचा पाय मोडला तर मी कांबी बांदतो आन् चौथ्या दिशी सोडतो. मातीला लागल्याबिगर पाय धरत न्हाई, गणपत." दादा उठून बसला. त्याचे डोळे चमकले. "व्हय रं राम्या, बगू का जरा?"

तेव्हा मी काय म्हणालो ते ऐका. मी म्हणालो, "बग की. हाड निसटलं तर मांडीपासून पाय कापत्यात, बाईनं सांगितलंय. मंग बस शेळ्या राकत."

तो पुन्हा आडवा झाला. भिंतीकडं तोंड करून. हे रागानं नव्हतं, पहिल्या दिवसासारखं तोंडून निसटलेलंही नव्हतं. मी नीट विचार करून, जिथं लागेल तिथं मारलं होतं.

भादव्यात भात पोटरीला आलं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या. दादाला शेत बघायचं होतं. त्यानं कधी भात असं न बघता सोडलं नव्हतं. मी शाळेत असताना तो वैनीला म्हणाला, ओटीच्या कडंला ने, तितनं दिसतंय. एक हात तिच्या खांद्यावर, एक हात मेढीच्या खांबाला. डावा पाय टेकला. दोन पावलं आला. तिसऱ्या पावलाला नुसता वळला — पडला नाही, घसरला नाही, वळला — आणि मांडी गेली. जुन्या जागी नाही, त्याच्या खाली, गुडघ्याच्या वर. वैनी मला शाळेत बोलवायला आली तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाली, "वाळली काटकी मोडावी तसा आवाज आला, भावजी. मी धरलं व्हतं वो. सोडलं न्हवतं."

ती बिचारी कित्येक वर्षं समजत राहिली की तिच्या हातून झालं. मी समजू दिलं.

पुन्हा तोच दवाखाना. बाई हाडाचा फोटो घेऊन आल्या. उजेडाकडं धरला. मलाही दिसलं, हाड होतं तिथं धुकं होतं. नुसती कड, आत काही नाही. त्या दादाच्या खाटेशीच उभ्या राहून मला म्हणाल्या, "मास्तर, हा माणूस उभाच राहिलेला नाही. तुम्ही तर म्हणाला होता रोज चालतो."

दादा ऐकत होता. मी त्याच्याकडं न बघता म्हणालो, "मलाही फसवत होता, बाई. मी शाळेत जायचो. अडाणी माणूस, किती सांगितलं तरी ऐकलं नाही."

बाईंनी दादाकडं बघितलं. "का हो? सगळं लिहून दिलं होतं ना? रोज उभं राहा म्हणून?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा त्याला सगळं कळलं, मला ते कळताना दिसलं. मला वाटलं, आता ओरडेल, आता सगळ्या वार्डासमोर माझं नाव घेईल. तो बाईंना म्हणाला, "व्हय बाई. मीच न्हाई ऐकलं."

का म्हणाला? घराची अब्रू? माझी नोकरी? तुम्ही म्हणाल, मोठ्या मनाचा होता. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, त्या क्षणी मी त्याच्या लेखी भांडायच्या लायकीचाही उरलो नाही. दारातल्या कुत्र्यावर माणूस फिर्याद करत नाही.

पाय तीन बोटं आखूड जुळला. गुडघा कायमचा ताठ. त्यानंतर तो दहा वर्षं जगला, एका कुबडीवर. चिखलात त्याला उतरता येईना, म्हणून लावणीच्या दिवसांत बांधावर बसून राहायचा. लोकांना सांगायचा, डॉक्टरचं ऐकलं न्हाई, भोगतोय. लोक मला म्हणायचे, मास्तर, तुम्ही किती केलंत त्याच्यासाठी. मी म्हणायचो, भाऊ आहे. आमचं बोलणं जेवणापुरतं, गुरांपुरतं. राम्या म्हणणं त्यानं सोडलं. काहीच म्हणायचा नाही.

शेवटच्या आजारात एकदा वैनी त्याला पेज पाजत होती आणि मी दारात उभा होतो. त्यानं वाटी बाजूला सारली. दहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलला.

"मी मेल्यावर तू खांदा देऊ नगंस."

एवढंच. वैनीनं माझ्याकडं वर पाहिलं. तिनं कारण विचारलं नाही. कदाचित तेव्हाच तिला सगळं कळलं, कदाचित आधीपासून माहीत होतं.

चार दिवसांनी तो गेला. सकाळची वेळ होती, सगळी वाडी अंगणात. तिरडी बांधून झाली. माणसं माझ्याकडं बघू लागली. सख्खा भाऊ मागं उभा राहिला तर विचारणार ना — का म्हणून? काय सांगितलं असतं मी?

मी पुढं झालो आणि खांदा दिला. वैनी उंबऱ्यात उभी होती. ती माझ्या खांद्याकडं बघत होती. मसणवट ओढ्याकाठी. वाटेत माणसं म्हणाली, मास्तर, दमला असाल, खांदा बदला आता. मी ओढ्यापर्यंत बदलला नाही.