वहिनीचा रेडिएटर

आमच्या घरात कुणाचं अंग तापलं की डॉक्टरकडे नंतर जातात, आधी वहिनीच्या पर्सकडे. त्या पर्समध्ये कंगवा सापडेलच असं नाही, पण तापमापक तीन सापडतात. एक माणसांसाठी, बाकीचे दोन कशालाही लावायला. दूध उतू जायच्या किती आधी गॅस बंद करायचा, हे तिनं मोजून ठेवलंय. एकदा तर उन्हातून आलेल्या दादाच्या टकलाला तिनं तापमापक टेकवला आणि आकडा वहीत लिहून घेतला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. तो काही बोलला नाही. वीस वर्षांच्या संसारात माणूस कुठे बोलायचं नाही एवढं तरी शिकतोच.

वहिनी गाड्यांचे रेडिएटर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि मी बस चालवतो. म्हणजे मी गाड्या तापवतो आणि ती त्या गार करते, असं तिचं म्हणणं. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा मी हाफ पँटीत होतो. तरी पहिल्या दिवसापासून तिनं मला ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ केलं, आणि मी तिला सरळ ‘अगं वहिनी’. पुढे दोघांनीही बदललं नाही. फक्त ती चिडली की ‘तुम्ही’चं ‘आपण’ होतं, आणि ‘आपण’ ऐकू आलं की घरातला शहाणा माणूस चपला शोधायला लागतो.

रेडिएटर म्हणजे काय, हे तिनं मला जेवणाच्या ताटावर भाताचे ढीग करून समजावलं आहे. इंजिन तापतं, ती उष्णता पाणी उचलतं. ते पाणी गाडीच्या तोंडाशी बसवलेल्या बारीक चपट्या नळ्यांतून फिरतं. नळ्यांच्या मधे पातळ पत्र्याच्या झालरी असतात. समोरून वारा येतो, झालरींतून आरपार जातो आणि उष्णता घेऊन जातो. गार झालेलं पाणी पुन्हा इंजिनाकडे. “एवढंच?” मी विचारलं होतं. त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं सगळे ढीग खाऊन टाकले.

अठरा वर्षं तिनं कंपनीत दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासली. साहेब लोक आखणार, ही चुका काढणार, ते दुरुस्त करून सही ठोकणार. एकोणिसाव्या वर्षी एक रेडिएटर पहिल्या रेघेपासून तिचा झाला. आमच्या डेपोत आठ नव्या बस यायच्या होत्या, डोंगरावरच्या मार्गासाठी, आणि त्यांचा रेडिएटर वहिनीला आखायला मिळाला. पहिला तयार होऊन सांधे जोडणाऱ्या भट्टीतून बाहेर आला त्या संध्याकाळी ती मिठाई घेऊन आली, आणि वीतभर लांबीचा एक तुकडाही, नमुन्याचा, नळ्या-झालरींसकट. तो तिनं बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवला. त्यासाठी दादाचा कॉलेजातला धावण्याचा कप खालच्या फळीवर उतरला. दादा तेव्हाही काही बोलला नाही.

आमचा मार्ग म्हणजे नऊ थांबे आणि सलग चौदा किलोमीटर चढ. माथ्यावरच्या गावात आमची आई राहते, तिला खालची हवा मानवत नाही. नव्या गाड्या आल्या तेव्हा थंडी होती. गाड्या अशा चढायच्या की मी डेपोत छाती काढून सांगत होतो, “रेडिएटर आमच्या वहिनीचा आहे.” मग उन्हं तापायला लागली आणि गाड्याही. सातव्या थांब्यापर्यंत काटा लाल रेघेला टेकायचा, समोरून वाफ निघायची, प्रवासी उतरून झाडाखाली बसायचे. एका गाडीचं असतं तर नशीब म्हटलं असतं, पण आठही गाड्यांचं तेच. डेपोत लोक मला विचारायला लागले, “काय रे, रेडिएटर कुणाचा म्हणालास?”

मी घरी येऊन आदळआपट केली. “वहिनी, तुझा रेडिएटर उकळतोय.”

“माझा उकळत नाही. सगळं मोजलंय मी.”

“मग काय मी खाली चूल पेटवतो?”

“आपण काय करता ते आपल्यालाच ठाऊक,” ती म्हणाली. मी चपला शोधल्या.

तिनं गाडी चाचणीला काढली. माणसांच्या वजनाची वाळूची पोती सीटवर ठेवली. आईनं माथ्यावरून विणून पाठवलेल्या स्वेटरची अर्धी बाही वहिनीनं उसवली आणि लोकरीचे बोटभर तुकडे गाडीच्या समोरच्या जाळीवर चिकटवले, वारा कुठून आत शिरतो ते दिसावं म्हणून. सगळे तुकडे आज्ञाधारक पोरांसारखे आत वळले. मीच चालवत होतो, भर दुपारी. काटा अर्ध्यावर गेला आणि तिथेच बसून राहिला. माथ्यावर पोचल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तीच गाडी मी प्रवासी घेऊन काढली आणि सातव्या थांब्याला गाडीनं पुन्हा वाफ सोडली.

अशा तीन चाचण्या झाल्या. तिन्ही वेळा पोत्यांना घेऊन गाडी गार, माणसांना घेऊन गरम. वहिनी म्हणाली, “नाचता येईना, अंगण वाकडं. चालवणाऱ्यांना गिअर टाकता येत नसतील.” ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा वर्षं मी त्या चढावर गाडी चालवतोय. मी म्हणालो, “पोत्यांसाठीच बनवलायस वाटतं तुझा रेडिएटर.” आम्ही चार दिवस एकमेकांशी बोललो नाही. दादा मधे बसून दोघांचे निरोप इकडून तिकडे देत होता, तेही एकाच टेबलावर.

मग डेपो मॅनेजरचं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत तिढा सुटला नाही, तर आठही रेडिएटर उतरवून दुसऱ्या कंपनीचे मोठे बसवणार. उतरवलेले भंगारात. त्या संध्याकाळी वहिनीनं काचेच्या कपाटातला तुकडा काढून कापडात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. दादाचा कप उचलून परत वरच्या फळीवर ठेवला. मला फार वाईट वाटलं. भांडण गेलं खड्ड्यात. अठरा वर्षं थांबून मिळालेली एक गोष्ट तिच्या हातून जात होती.

महिना संपायला सहा दिवस असताना मी सकाळची गाडी घेऊन पहिल्या थांब्यावर आलो, तर रांगेत वहिनी. पर्स, वही, पाण्याची बाटली. साध्या प्रवाशासारखी आली होती, कुणाला न सांगता. नंतर तिनं सांगितलं, की पोत्यांत आणि माणसांत काय फरक आहे ते माणसांत बसूनच बघायचं ठरवलं होतं.

पण ती गाडीत चढलीच नाही. रांग पुढे सरकली आणि ही गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. मी हॉर्न वाजवला. तिनं बोटानं खुणावलं, खाली या. उतरलो.

“भाऊजी, हे काय आहे?”

“पाटी.”

“ते दिसतंय. इथे काय करतेय?”

समोरच्या जाळीवर, आकड्यांना अडकवलेली, आमच्या मार्गाची पाटी होती. चांगल्या पत्र्याची, चार फूट रुंद, दोन फूट उंच, पिवळ्यावर काळी वीतभर अक्षरं, नऊच्या नऊ थांबे. मी म्हणालो, “लोकांना गाडी कुठली ते कळायला नको?”

“कधीपासून आहे?”

“धुकं पडायला लागलं तेव्हापासून. मीच करून घेतली. मग सगळ्यांनी माझी बघून केली.” हे मी जरा ऐटीतच सांगितलं.

“आणि चाचणीच्या वेळी कुठे होती?”

“चाचणीला पाटी लावून कसं चालेल वहिनी? लोक हात दाखवतील ना!”

वहिनीनं एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ती थांब्याच्या बाकावर बसली आणि हसायला लागली. साधंसुधं नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून. रांगेतली माणसं कारण माहीत नसताना हसायला लागली. माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. चार फूट बाय दोन फूट. रेडिएटरचं वरचं अर्धं तोंड मी स्वतःच्या हातानं बुजवलं होतं, आणि माझं बघून बाकीच्या सातांनी. थंडीत ते खपून गेलं. उन्हाळ्यात कसं खपणार? मेकॅनिकनाही ते कधी दिसलं नाही, कारण गाडी तापली की बॉनेट उघडायला आम्ही सगळ्यात आधी पाटीच काढायचो आणि मदतीला आलेल्या दुसऱ्या गाडीला लावायचो. रांगेतले एक पेन्शनर आजोबा सगळं ऐकत होते. ते म्हणाले, “काखेत कळसा आणि गावाला वळसा,” आणि आत जाऊन खिडकीची जागा पकडून बसले.

पाटी काढून आम्ही मागच्या सीटवर आडवी ठेवली. वहिनी माझ्या शेजारी उभी, काट्यावर नजर. पाचवा थांबा गेला, सहावा गेला. सातव्याला चार-पाच प्रवासी सवयीनं पिशव्या उचलून दाराशी आले. मी गाडी थांबवलीच नाही. काटा अर्ध्यावर होता. सगळ्या गाडीनं टाळ्या वाजवल्या, आणि वहिनीनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की स्टिअरिंग हातातून सुटता सुटता राहिलं. आनंदाच्या उकळ्या फुटणं काय असतं ते मी त्या दिवशी चढावर पाहिलं.

माथ्यावर आई थांब्यावर उभी होती. गाडी तिच्यासमोर येऊन थांबली तरी ती हलेना. मी खिडकीतून हाक मारली तेव्हा म्हणाली, “तू आहेस होय? पाटी कुठाय? मला कसं कळायचं कुठली गाडी ते?”

वहिनी हसायची थांबली. “आई, वर दिव्यांची अक्षरं आहेत की.”

“ते दिवे मला नुसते लुकलुकताना दिसतात गं. धुक्यात तर तेही नाही. दोनदा गाडी समोरून गेली माझ्या. तासभर थंडीत काकडत उभी होते. मग यानं पाटी केली.”

वहिनीनं वही उघडली, पण लिहिलं काहीच नाही.

त्या रविवारी आमच्या गच्चीत कारखाना उघडला. वहिनीनं खिडक्यांना लावतात ती मोठ्या भोकांची तारेची जाळी आणली. मी पत्र्यातून अक्षरं कापली, दादानं ती तारेनं जाळीवर बांधली, एक थांबा उलटा बांधला आणि शिव्या खाल्ल्या. वारा आरपार जाणारी पाटी तयार झाली. सोमवारी ती लावून, पूर्ण भरलेली गाडी घेऊन आम्ही माथ्यावर गेलो. काटा अर्ध्याच्या दोन रेघा वर गेला, लाल रेघ तिथून फार लांब होती. आईनं पन्नास पावलांवरून नऊ थांबे वाचून दाखवले, दहावा स्वतःच्या मनानं जोडला.

मग मॅनेजरच्या खोलीत बैठक झाली. आम्ही आठ ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे, वहिनी आणि तिचे साहेब खुर्च्यांवर. मॅनेजरनं जुनी पाटी टेबलावर आदळली. “विनापरवानगी गाडीला पत्रा ठोकता? तीन महिने या मार्गाचे हाल झाले. कोणी लावली ही पहिल्यांदा?”

सात जण छताकडे बघायला लागले. मी मनातल्या मनात निलंबनाचे दिवस मोजायला लागलो. वहिनीचे साहेब मात्र खुशीत होते. ते म्हणाले, “म्हणजे रेडिएटरमध्ये काहीच दोष नाही, हे सिद्ध झालं.”

“मी अहवाल लिहिलाय,” वहिनी म्हणाली. “वाचते.” आणि तिनं वाचलं. गाडी तापण्याचं कारण: गाडीला पाटी लावायला जागाच ठेवलेली नाही. दिव्यांची अक्षरं धुक्यात आणि म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत. अशा मार्गावर गाडीच्या तोंडापुढे काय येऊ शकतं, हे रेडिएटर आखणाऱ्यानं चालवणाऱ्यांना आणि प्रवाशांना विचारायला हवं होतं. ते विचारलं नाही. खाली सही तिची.

साहेबांचा चेहरा पडला. आणि मला राहवेना. एवढं ऐकून भिंतीला चिकटून राहिलो असतो तर आईला तोंड दाखवता आलं नसतं. मी पुढे झालो. “पाटी मी लावली साहेब.”

मॅनेजर आळीपाळीनं आमच्या दोघांकडे बघत राहिले. “मग चूक नक्की कोणाची?”

“चूक माझी,” वहिनी म्हणाली. “पाटी त्यांची.”

मॅनेजरना हसू आवरलं नाही. मला नुसती ताकीद मिळाली, तीही तोंडी. रेडिएटर गाड्यांवरच राहिले. आठ जाळीच्या पाट्यांचं काम डेपोच्या वर्कशॉपला मिळालं आणि नमुना म्हणून आमचीच पाटी ठेवून घेतली, उलटा थांबा सुलटा करून.

बाहेर आल्यावर जिन्यात मी तिला गाठलं. म्हणालो, “वहिनी, मला वाचवायला तू स्वतःच्या रेडिएटरला नावं ठेवलीस. तुझा पहिला होता गं तो.”

“तुम्हाला वाचवायला?” ती दोन पायऱ्या खाली गेली होती, ती थांबली आणि वळली. “अठरा वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या भाऊजी. पहिल्यांदा स्वतःची करायला मिळाली, ती काय तुमच्या नावावर करू?”