आबांच्या पार्टीतली गिटार

देवपुरातल्या देवचंद आबांच्या गायन पार्टीत मी ढोलकी वाजवतो. त्यांचा मुलगा प्रशील गिटारवर असतो. गिटार कशाला, तर व्हिडिओत पार्टी झकास दिसते म्हणून. आबा हे त्याच्या तोंडावर सांगायचे आणि पोरगा हसण्यावारी न्यायचा.

आपल्या आईच्या आठवणीत आबांनी एक गाणं बांधलंय. त्यात विझल्या चुलीची ओळ संपते आणि धृपद येतं. त्या जागेसाठी प्रशील मोबाइलवर बघून डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्ड शिकू लागला. चार सूर, चारही सारख्या अंतरावर. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो आणि धृपद आलं की घरी पोचल्यासारखं वाटतं. पण बोटं लेकाची ऐकतील तर शपथ! अख्खा हिवाळा त्याच्या बोटांची सालटी निघत होती. जमली तेव्हा त्यानं आधी मला ऐकवली. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

आबांनी ऐकून पेटीचा भाता बंद केला. "हाई काय बेसूर लाई दिधं मना गाणामा?"

"आबा, एकदा जयंतीला वाजवू द्या. लोकांना नाही आवडली तर सोडून देईन."

आबा चक्क "बरं" म्हणाले.

चौदा एप्रिलच्या जयंतीला जळगावात मेहरूणच्या मंडळानं बोलावलं होतं. प्रशीलच्या मागे त्याचा छोटा अ‍ॅम्प होता, म्हणून आम्हा दोघांना गिटार ऐकू येत होती. ती जागा आली आणि कॉर्ड स्वच्छ वाजली. समोर बायका डोळे पुसत होत्या. खाली उतरल्यावर आबांनी जन्मात पहिल्यांदा त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आज बराबर वाजाडं रे पोऱ्या." पोरगं रडलं.

मग मंडळाचा व्हिडिओ आला. त्यात प्रशीलची बोटं जवळून दिसतात, पण गिटारचा आवाज कुठेच नाही. मी साउंडवाल्या हिलालला फोनवर फैलावर घेतलं.

"माले काबर बोलस भाऊ? आबासनीच माले सांगेल व्हतं, मोठा स्पीकरले गिटारनी लाईन बंद ठेव."

प्रशीलनं विचारलं तेव्हा आबा जेवत होते. "गिटार दिखाले शे, आयकाले नही. गाणं चांगलं व्हयनं ना? मग?"

असल्या शाबासकीपेक्षा बापानं कानाखाली दिलेली बरी.

प्रशील अजून पार्टीत आहे. तसाच उभा राहतो, तशीच बोटं फिरवतो. फक्त आता गिटारला वायर लावत नाही. परवा एरंडोलला कार्यक्रम झाल्यावर आबांनी पुन्हा त्याची पाठ थोपटली.