भागरथाबाईंचा होकार

भागरथाबाई तापाने गेल्याचं मला मूल गावच्या बाजारात कळलं, तेही आठवडा उलटल्यावर. मासे विकायला आलेल्या त्यांच्या जावेने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "डाक्तरसाहेब, बाई गेली ना..."

सहा वर्षांपूर्वी मी मूलच्या दवाखान्यात नवाच होतो. तळ्याकाठच्या त्यांच्या गावाहून निरोप आला, म्हणून सायकलने गेलो. त्यांचे यजमान सोमाजी आदल्या दिवशी दिवसभर जाळं ओढून, संध्याकाळी लग्नाच्या पंगतीत गूळभात पोटभर जेवून झोपले होते; सकाळी हातपाय उचलेनात. शुद्ध होती, टाचणी टोचलेली कळत होती, पण बोट हलत नव्हतं आणि श्वास उथळ होत चालला होता. अंगणात सोमाजींचे चुलते डाग देण्यासाठी विळा तापवत होते. असं पूर्वी दोनदा होऊन दुपारपर्यंत आपोआप उतरलं होतं, असं भागरथाबाईंनी सांगितलं आणि मला पुस्तकातलं एक पान आठवलं.

मी पोटॅशची, म्हणजे पोटॅशियमच्या औषधाची, बाटली काढली. त्या चमकल्या. "हे तं सासूबाईले मुताच्या जळजळीवर देल्लं होतं!" मी समजावायला लागलो... नसा आणि स्नायू स्वस्थ पडलेले असतात तेव्हाही त्यांची प्रत्येक पेशी विजेचा बारीकसा भार सांभाळून असते. आत पोटॅशियम जास्त, बाहेर मिठातलं सोडियम जास्त, आणि हा फरक टिकवायला ती सतत राबते. सोमाजींच्या रक्तातलं पोटॅशियम स्नायूंत ओढलं गेलंय, तोल बिघडलाय, म्हणून नसेचा हुकूम स्नायू ऐकत नाही.

"म्हंजे हात निपचित पडला, तरी आतून राबूनच राह्यला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "अन् या औषधाचं तुमाले पक्कं मालूम हाय?"

नव्हतं. रक्त तपासायची सोय नव्हती, आणि माझा अंदाज चुकला असता तर हेच औषध काळीज थांबवू शकलं असतं. "नाही," मी म्हणालो.

बाहेरून चुलते ओरडले, "विळा लाल झाला, सरक!" भागरथाबाई पदर डोक्यावर ओढून दारात आडव्या उभ्या राहिल्या. "काकाजी, तुमाले सारं पक्कं मालूम असते, त्याचंच मले भेव लागते. डाक्तर खोटं नाई बोलले." मग माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "द्या."

मी घोटघोट देत राहिलो. त्या नवऱ्याच्या छातीला कान लावून बसल्या. एकदा ठोका चुकल्यासारखा वाटला तेव्हा त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की चमचा सांडला... मी तो पुन्हा भरला. ऊन डोक्यावर आलं, कललं. मग सोमाजींच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. त्या रडल्या नाहीत. उठून अंगणात गेल्या आणि विळ्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

गेल्या आठवड्यात सोमाजींकडे मुक्कामाला होतो. अंगठा हलला त्या दिवसापासून रोज पहाटे, ते उठण्याआधी, भागरथाबाई आपली दोन बोटं त्यांच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "दाबा जी." हे मला सोमाजींनीच रात्री जेवताना सांगितलं. पहाटे मला जाग आली तेव्हा ते बाजेवर पडूनच होते. त्यांनी हात शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला, मूठ आवळली... आणि बराच वेळ सोडली नाही.