रुमालाबाहेरचा भाव

निवृत्त झाल्यावर आप्पांनी आपला उजवा हात पुन्हा कधी कापडाखाली घेतला नाही. थंडीत निपाणीच्या सकाळी चांगलाच गारठा असतो. तेव्हाही ते घोंगडं डाव्या खांद्यावर ओढून घेत आणि उजवा हात बाहेर, मांडीवर उताणा ठेवून बसत. आई चिडायची, "हात काय देवाला वाहिलाय काय तुमी?"

"तीस वर्षं झाकून ठेवलावता," आप्पा म्हणायचे. "आता जरा ऊन खाऊ दे त्याला."

तीस वर्षं ते एका तंबाखूच्या पेढीवर दिवाणजी होते. आमच्या बाजारात तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. अडत्या हातावर रुमाल टाकून बसे. खरेदीदार एकेक करून त्या रुमालाखाली हात घालत आणि अडत्याची बोटं दाबून भाव सांगत. ज्याचा माल, तो शेतकरी समोर उभा राहून नुसता रुमाल हलताना बघे. शेवटी अडत्या मणामागे रुपयांचा एक आकडा सांगे, तोच त्याचा भाव. दाबलेला आकडा आणि सांगितलेला आकडा एकच होता की नाही, हे त्या दोन हातांनाच ठाऊक. मधला फरक पेढी आणि अडत्या वाटून घेत. पेढीच्या वतीने रुमालाखाली जाणारा हात आप्पांचा होता. ते माझे वडील असले तरी हे मी लपवणार नाही. त्यांनीही लपवलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी शेठजींनी शाल-नारळ दिला आणि मी बी.ए. होईपर्यंत माझी फी पेढी भरेल असा शब्द दिला. आप्पा मराठी चौथी शिकलेले. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेला मी पहिला. मी बेळगावच्या कॉलेजात गेलो आणि आप्पा आमच्या ओट्यावर बसू लागले.

त्या ओट्यावर पैशाचा सल्ला फुकट मिळे. जमीन घ्यावी की पोस्टात ठेवावं, भावाबरोबर दुकान काढावं की एकट्याने, सगळे म्हणत, "आप्पास्नी इचारून ये." आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "बायकोला सांगितलंस?" माणूस घुटमळला की ते म्हणत, "बायकोला सांगता येत न्हाय तो बेत पैशाचा नसतोय बाबा, पळून जायचा असतोय." एकदा एकजण मोटार-सर्व्हिसमध्ये भागीदारी घ्यायला निघाला होता.

"मोटार बघितलीस?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय, पर फोटो दावलाय त्यांनी. लई झ्याक हाय."

"मग तू बी त्यास्नी पैशाचा फोटो दे."

माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपवून मी सुट्टीला आलो, तेव्हा बाजार भरात होता. बोरगावची तानूआक्का म्हणून एक विधवा बाई होती. स्वतः शेत कसायची, स्वतः गाडी हाकत बाजाराला यायची. ती ओट्यावर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आप्पा, औंदा माझ्या मालाला रुमाल तुमी धरायचा. माल माझा, तर हात बी माझ्याच माणसाचा."

बाजाराच्या आवारात अडत्याने हे ऐकलं आणि हसून जागा करून दिली. आप्पा घरचेच, त्यांची कसली भीती! मी आप्पांच्या मागे उभा होतो. पहिला खरेदीदार आला, रुमालाखाली हात घातला, काढला. आप्पा मोठ्याने म्हणाले, "पंधरा."

अडत्या घाईने वाकला. "दिवाणजी, रुमालातलं रुमालात राहू द्या की."

"मी दिवाणजी न्हाय आता," आप्पा म्हणाले. "फुडचं कोण?"

पुढचा हात त्यांच्याच जुन्या पेढीचा होता. नव्या दिवाणजीने सवयीने बोटं दाबली, आणि आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात येण्याआधीच आप्पांचा आवाज आला, "सतरा!"

त्याच सकाळी त्याच पेढीच्या बोलीवर अडत्याने तसल्याच मालाला शेतकऱ्यांना तेरा सांगितला होता. त्या गाड्या अजून आवारातच होत्या, वजन व्हायचं होतं. "मग आमास्नी तेरा कसा?" कुणीतरी ओरडलं, आणि जो गलका उठला त्यात पुढचं काही ऐकू आलं नाही. त्या दिवशी वजनकाटा हललाच नाही.

संध्याकाळी शेठजी स्वतः आमच्या घरी आले. आवाज चढवला नाही. "दिवाणजी, वय झालं. बोटांना मुंग्या येतात या वयात. तेरा दाबलं होतं, तुम्हाला सतरा वाटलं. उद्या आवारात एवढं एक वाक्य बोला. पोराची दोन वर्षं राहिलीत ना?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं रं? फी तुझी हाय."

मी एकोणीस वर्षांचा होतो. म्हणालो, "म्हणा की आप्पा. एका वाक्यानं काय जातंय?"

"बरं," आप्पा म्हणाले. शेठजी समाधानाने चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पा एका गाडीच्या जुवावर हात टेकून उभे राहिले. "माझी बोटं चुकली असं मी म्हणावं, असा निरोप हाय. बोटं चुकली न्हाईत. दाबला तो सतराच. आणि तीस वर्षांत ज्यांस्नी ज्यांस्नी कमी सांगितलं, तवा मी तिथंच हुतो. त्यांनी मला आता शिव्या द्याव्या."

मागून एक म्हातारा ओरडला, "देतू की! पर अदुगर माझं वजन हुं दे सतरानं!"

आवार हसलं. आप्पाही हसले. मला मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी सतराच्या खाली एकही गाडी सुटली नाही. रुमाल काही त्याने मेला नाही, पुढच्या मोसमात पुन्हा आला. पण आता जो तो आपला माणूस रुमाल धरायला घेऊन येऊ लागला.

आईने घरी आल्यावर विचारलं, "गप बसला असता तर?"

"गप बसायचा पगार घेत हुतो तवर बसलो. आता पगार न्हाय, मग का बसू?" मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मी चुकलो न्हाय. तुझं नुकसान झालं. दोन्ही खरं हाय. एक सांगून दुसरं झाकणार न्हाय मी."

फी बंद झाली. बोरगावच्या शाळेत मी दोन वर्षं मास्तरकी केली. पगार आईच्या हातात देत असे. सारा गाव ज्यांना पैशाचं विचारायला येई, त्यांना मी माझ्या पैशाबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांना तो घाव कळत होता. ते तक्रार करत नसत, फक्त माझ्या सायकलची चेन दर रविवारी तेल देऊन ठेवत.

शेवटी मीच एकदा विचारलं, "ऐकायचंच नव्हतं तर मला कशाला विचारलंत?"

"सल्ला इचारावा," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "मानलाच पायजे असं कुठं हाय? माझा तरी कोण मानतंय?"

किती महिन्यांनी त्या ओट्यावर आम्ही दोघं एकत्र हसलो.

आईने साठवलेल्या माझ्या पगारावर मी पुन्हा कॉलेजात गेलो आणि बी.ए. झालो. पदवीचा कागद आप्पांनी दोन्ही हातांनी धरला, इंग्रजी अक्षरांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "सही कुणाची हाय?" मी दाखवली. "वाचता येत न्हाय. म्हंजे मोठाच माणूस असणार."

इंग्रज गेले त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर आप्पा गेले. तानूआक्का बोरगावहून चालत आली आणि ओट्याच्या पायरीवर दिवसभर बसून राहिली. दुखवट्याला शेठजीही आले. ओटा माणसांनी भरला होता. शेठजी बसले, उसासा टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माणूस लाखातला. पण हट्टापायी तुझी दोन वर्षं वाया घालवली त्यांनी, मास्तर."

अजूनही निपाणीत असं म्हणणारे आहेत : जगाला शहाणपण शिकवलं आणि पोराचा तोटा केला. त्यांना मी तेच सांगतो जे त्या दिवशी सांगितलं.

"वर्षं माझी हुती, शेठजी. त्यांचा जाब मी आप्पांस्नी इचारत न्हाय. तुमी कोण इचारणार?"

शेठजींनी टोपी नीट केली आणि ते उठले. कुणी त्यांना बसा म्हणालं नाही. खरं सांगायचं तर तो जाब मी विचारला होता, न बोलता, दोन वर्षं रोज. तोंडातून शब्द निघेपर्यंत मी आप्पांना माफ केलं आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. चार माणसांत मोठ्याने बोललो, आणि मग ते मागे घ्यायची सोय राहिली नाही. मला ती नकोच होती.